शासकीय प्रकाशनं शोधायची कशी : जालन्याच्या विहिरींचं उदाहरण घेऊन

प्रश्न असा आहे : जालना भागातली विहिरींवरची शेती आणि दुष्काळ यांचा साधारण शंभर वर्षांचा अभ्यास पीएचडीसाठी करायचा आहे. मार्गदर्शकांनी ‘सरकारी प्रकाशनं बघा’ असं सांगितलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या पुस्तकसूचीत, ‘जालना’ आणि ‘विहीर’ टाकून पाहिलं, तर एक-दोन प्रबंध आणि काही ललित पुस्तकं आली. म्हणजे ग्रंथालयात काहीच नाही असं समजायचं, की शोधण्याची रीत वेगळी असते?

रीत वेगळी असते. विद्यापीठ ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात मी बरीच वर्षं शासकीय प्रकाशनांचं काम केलं आहे. विषयाचा शब्द टाकून हात हलवत परत जाणारे अभ्यासक सतत भेटतात. त्यांना हवं ते पुस्तक बहुतेक वेळा त्याच इमारतीत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शासकीय प्रकाशनाला नेहमीच्या अर्थानं लेखक नसतो. ते कोणत्या तरी खात्यानं, आयोगानं किंवा समितीनं काढलेलं असतं आणि तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या सूचीत, त्याची मुख्य नोंद त्या कार्यालयाच्या नावानं होते. आधी राज्याचं नाव, मग खात्याचं. त्यामुळे ‘या विषयावर काय आहे?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी ‘त्या काळी या गोष्टीची नोंद ठेवणं कोणत्या कार्यालयाचं काम होतं?’ असं विचारा. विहिरींची मोजदाद महसूल खातं करायचं, कारण सारा त्यावर ठरायचा. पुढे शेतीखातं करू लागलं, मग पाटबंधारे, मग भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. जनगणनेनं गावनिहाय ओलिताचं क्षेत्र दिलं. प्रत्येकाचं प्रकाशन निराळं आणि तालिकेतली जागाही निराळी.

जालन्याच्या बाबतीत त्याही आधी एक प्रश्न येतो : त्या वर्षी जालना कोणत्या राज्यात होतं? आजचा महाराष्ट्र तीन वेगवेगळ्या कारभारांतून आला आहे. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेश मुंबई इलाख्यात होते (मधली संस्थानं वेगळी), विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, आणि मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. जालना १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात, १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्हा म्हणून ते १ मे १९८१ ला अस्तित्वात आलं. जालना, भोकरदन, जाफ्राबाद आणि अंबड औरंगाबाद जिल्ह्यातून आले, परतूर परभणीतून. म्हणजे १९८१ च्या आधीच्या कुठल्याही पुस्तकाच्या कण्यावर ‘जालना जिल्हा’ असं दिसणारच नाही. तुम्हाला औरंगाबादचा खंड हवा आणि परतूरसाठी परभणीचाही. ओपॅकवर रोमन लिपीत ‘हैदराबाद स्टेट’ आणि ‘औरंगाबाद डिस्ट्रिक्ट’ टाकून पाहा, चित्र बदलेल.

जुनी स्पेलिंगंही लक्षात ठेवा. पूना, ठाना, यवतमाळचं येओतमाळ, बीडचं भीर, चंद्रपूरचं चांदा, रायगडचं कुलाबा, जळगावचं पूर्व खानदेश. सध्याच्या नावावर अडून बसलात तर अर्धा संग्रह हाती लागणार नाही. छत्रपती संभाजीनगर हे नाव तर अगदी अलीकडचं, जुन्या नोंदींमध्ये ते कुठेच नसेल.

आणि तरीही ओपॅकवर काही आलं नाही, तर काउंटरवर येऊन विचारा. हे मी फार आग्रहानं सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ग्रंथालयांत संगणकीकरण झालं तेव्हा आधी क्रमिक आणि चालू पुस्तकांच्या नोंदी झाल्या. शासकीय अहवालांची बांधीव बाडं मागे राहिली. काही ठिकाणी त्यांची नोंद अजून कार्ड कॅटलॉगमध्येच आहे, काही ठिकाणी फक्त दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या पुस्तकांची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या वहीत. कुठे शंभर खंडांच्या मालिकेला एकच नोंद आहे, आत कोणत्या जिल्ह्याचा कोणता खंड आहे ते मांडणीपाशी गेल्याशिवाय कळत नाही. ग्रंथपालाला विषय सांगा, काळ सांगा, तालुका सांगा. ‘गव्हर्नमेंट पब्लिकेशन्स’चा विभाग बहुधा तळघरात किंवा वरच्या मजल्यावर असतो. तिथे स्वतः उभं राहून कणे वाचायची परवानगी मागा. एका मालिकेशेजारी दुसरी उभी असते आणि तुम्हाला ठाऊक नसलेलं पुस्तक असंच सापडतं.

आता जालन्यासाठी प्रत्यक्ष काय काय बघाल ते सांगतो.

सुरुवात गॅझेटियरपासून, म्हणजे जिल्ह्याची किंवा प्रांताची समग्र माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथापासून करा. मुंबई इलाख्यासाठी जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेली मालिका सर्वांना माहीत असते, पण त्यात तुमचा भाग नाही. निजाम सरकारनं औरंगाबादचं स्वतंत्र गॅझेटियर १८८४ साली काढलं होतं. इम्पीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालिकेत हैदराबाद राज्याचा खंड १९०९ चा आहे. पुढे महाराष्ट्र शासनानं औरंगाबाद जिल्ह्याचा खंड १९७७ साली काढला, परभणीचा त्याआधी १९६७ साली. राज्याच्या गॅझेटियर विभागाच्या संकेतस्थळावर बरेच खंड वाचायला मिळतात. तरीही छापील प्रत एकदा चाळाच, नकाशे आणि तक्ते पडद्यावर नीट दिसत नाहीत. गॅझेटियरमधला आकडा मात्र अंतिम समजू नका. तो दुसऱ्या कुठल्या तरी वार्षिक अहवालातून उचललेला असतो. कोणत्या, ते तळटीपेत किंवा तक्त्याखाली लिहिलेलं असतं. तिथून मूळ अहवालाकडे जायचं.

तो मूळ अहवाल बहुधा निजामाच्या राज्यकारभाराचा वार्षिक अहवाल असेल, आणि इथे तुम्हाला फसली सनाला सामोरं जावं लागेल. हैदराबादच्या सरकारी कागदांत वर्ष फसली असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण हे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं. १३३१ फसली म्हणजे ऑक्टोबर १९२१ ते ऑक्टोबर १९२२. दुष्काळाचा अभ्यास करणाऱ्याला हा तपशील फार महत्त्वाचा आहे, कारण पावसाळा फसली वर्षाच्या शेवटी येतो. १८९९ चा पाऊस गेला तो १३०८ फसलीत. त्याचे परिणाम, म्हणजे बुडालेली रब्बी, तगाई (शेतकऱ्यांना सरकारी कर्ज), साऱ्यातली सूट, दुष्काळी कामं, हे सगळं १३०९ च्या अहवालात सापडेल. एकच अहवाल उघडून ‘इथे तर पाऊस बरा दिसतोय’ असा निष्कर्ष काढला, तर सगळी मांडणी एका वर्षानं सरकते.

दुसरी अडचण पैशाची. हैदराबादचं स्वतःचं चलन होतं, हाली सिक्का. अहवालांत रकमेपुढे ‘ओ. एस.’ लिहिलेलं असेल तर तो उस्मानिया सिक्का, ‘बी. जी.’ किंवा ‘आय. जी.’ असेल तर कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. विहीर खणण्याचा किंवा बांधण्याचा खर्च अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्चाशी ताडून पाहणार असाल, तर आधी हे रूपांतर करा आणि प्रबंधात तसं लिहा.

मराठवाड्याच्या शेतीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी दोन मालिका आवर्जून बघायला सांगतो. एस. केशव अय्यंगार यांनी निजाम सरकारसाठी १९२९-३० मध्ये केलेली आर्थिक पाहणी आणि त्यांचीच १९४९ ते ५१ मधली ग्रामीण आर्थिक पाहणी. निवडक गावांत घरोघर जाऊन केलेलं हे काम आहे : जमीन, कर्ज, जनावरं, खाणंपिणं. वीस वर्षांच्या अंतरानं एकाच माणसाच्या देखरेखीखाली झालेल्या दोन पाहण्या इतक्या जवळजवळ ठेवता येणं हे भाग्य फार थोड्या प्रदेशांच्या वाट्याला आलं आहे. आपल्या विद्यापीठांत त्यांचा वापर फार कमी होतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हैदराबादची काही प्रकाशनं मराठवाड्यातल्या ग्रंथालयांत आहेत, पण पूर्ण संच क्वचितच. १९५६ नंतर राज्य तीन तुकड्यांत विभागलं गेलं, मुख्य दप्तर हैदराबादलाच राहिलं. तेलंगणा राज्य अभिलेखागार तारनाका भागात आहे, आणि अफजलगंजमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालयही कामाचं आहे. निजाम सरकारचं राजपत्र, ज्याला जरीदा म्हणत, ते उर्दूत निघायचं. उर्दू वाचणारा सहकारी सोबत असेल तर न्या. महसुलाचे हुकूम, दुष्काळी सवलती, तालुक्यांच्या हद्दींतले बदल त्यात आहेत. इथे एक फरक समजून घ्या. अभिलेखागारात फायली असतात, ग्रंथालयात छापलेली प्रकाशनं. छापील अहवालात निष्कर्ष मिळतो, फाइलीत त्यामागचा पत्रव्यवहार. आधी छापील वाचा, त्यातले ठराव क्रमांक आणि तारखा टिपून घ्या आणि मगच अभिलेखागारात जा. तिथल्या कर्मचाऱ्याला नुसता ‘दुष्काळ’ हा शब्द देऊन काही हाती येत नाही. क्रमांक आणि तारीख दिली की फाइल निघते.

आता जनगणना. तुमच्या कामाचा कणा इथे आहे, त्यामुळे थोडं थांबतो.

१९०१ ते १९४१ च्या जनगणनांचे हैदराबादचे खंड वेगळे आहेत (१९४१ ची सारणी युद्धामुळे फार तोकडी झाली, तिच्यावर भिस्त ठेवू नका). १९५१ पासून जिल्हा जनगणना पुस्तिका निघू लागल्या, आणि गावपातळीवर काम करणाऱ्याला यांच्याइतका आधार दुसरा नाही. प्रत्येक गावाचं क्षेत्र आणि लोकसंख्या, पुढच्या जनगणनांत पाण्याची सोय, शाळा, रस्ता, जमिनीचा वापर आणि ओलिताखालचं क्षेत्र कशावर भिजतं, म्हणजे विहीर, कालवा की तलाव. काही वर्षांच्या पुस्तिकांत वीजपंप असलेल्या आणि नसलेल्या विहिरींसाठी वेगळे संकेत आहेत. विहिरींवर पंप कधी आले याचं गाववार चित्र काढायचं असेल तर हा स्तंभ सोन्यासारखा आहे. संकेतांची किल्ली पुस्तिकेच्या सुरुवातीच्या पानांत असते. नुसत्या तक्त्याच्या झेरॉक्सवर काम करणाऱ्यांकडे ती नसते आणि मग ‘डब्ल्यू’ कशाला आणि ‘डब्ल्यू ई’ कशाला यात गोंधळ होतो. तक्त्याबरोबर प्रस्तावना, व्याख्या आणि संकेतसूची यांचीही प्रत काढून घ्या.

पुस्तिका एकापुढे एक लावताना तीन गोष्टी तपासा. पहिली, गावांचे क्रमांक. प्रत्येक जनगणनेत गावाला दिलेला क्रमांक बदललेला आहे. २०११ मध्ये सहा अंकी संकेतांक आला, तो १९६१ च्या क्रमांकाशी जुळत नाही. गावाचं नाव, क्षेत्रफळ आणि शेजारची गावं पाहून जुळवावं लागतं. एकाच तालुक्यात एका नावाची दोन-तीन गावं असतात, तेव्हा क्षेत्रफळानंच निर्णय होतो. दुसरी, एकक. जुन्या पुस्तिकांत एकर, नंतर हेक्टर. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तिसरी आणि सर्वांत नाजूक, व्याख्या. १९६१ मध्ये कामगार कोणाला म्हणायचं याची व्याख्या सैल होती. १९७१ मध्ये मुख्य उद्योग काय असं विचारलं गेलं. घरकाम सांभाळून शेतात राबणाऱ्या बायका मोठ्या संख्येनं या मोजणीतून बाहेर पडल्या. १९८१ पासून मुख्य आणि सीमांतिक (वर्षाचा थोडाच काळ काम करणारे) असे दोन गट झाले. १९६१ आणि १९७१ चे आकडे शेजारी ठेवून ‘स्त्रिया शेतीतून बाहेर पडल्या’ असं लिहिलेले प्रबंध मी पाहिले आहेत. प्रत्यक्षात प्रश्नावली बदलली होती.

१९६१ च्या जनगणनेबद्दल थोडं अवांतर सांगतो. त्या वर्षी मोजणीच्या निमित्तानं निवडक गावांच्या स्वतंत्र पाहण्या झाल्या आणि महाराष्ट्रातल्या जत्रा-उत्सवांचा वेगळा खंड निघाला. कुठल्या गावी कोणत्या देवाची जत्रा, कधी, साधारण किती लोक येतात. विहिरींच्या अभ्यासाला त्याचा थेट उपयोग नाही. पण गाव समजून घ्यायचं असेल तर हा खंड मागवून एक दुपार त्याच्यासोबत बसा.

जनगणनेचे जुने खंड आता महानिबंधकांच्या संकेतस्थळावर मोठ्या प्रमाणात मिळतात. २०११ नंतर गावनिहाय नवी आकडेवारी आलेली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर २०११ वर थांबावं लागेल, आणि प्रबंधात ते तसं स्पष्ट लिहावं.

विहिरींसाठी जनगणनेच्या जोडीला लघुपाटबंधारे गणना घ्या. पहिलीचं संदर्भवर्ष १९८६-८७. नंतर १९९३-९४, २०००-०१, २००६-०७, २०१३-१४ आणि २०१७-१८. उथळ विहीर, खोल कूपनलिका, पंप कशावर चालतो, विहीर वापरात आहे की पडीक, असा तपशील यात असतो. दर पाच वर्षांची कृषी गणना १९७०-७१ पासून आहे. तिच्यात जमीनधारणेच्या आकारानुसार सिंचन दिसतं. म्हणजे मोठ्या शेतकऱ्याकडे किती विहिरी आणि अल्पभूधारकाकडे किती, हा तुमचा पुढचा प्रश्न इथे सुटेल. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची आर्थिक पाहणी सगळेच वापरतात. त्यापेक्षा त्याच संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन तुम्हाला जास्त उपयोगी पडेल, कारण ते तालुक्यापर्यंत उतरतं. विद्यापीठ ग्रंथालयात त्याचे जुने अंक तुटक असतात. जिल्हा सांख्यिकी कार्यालयात विचारून पाहा.

समित्या आणि आयोगांचे अहवाल शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. लोक ते अध्यक्षाच्या नावानं ओळखतात, तालिका अधिकृत नावानं. ‘दांडेकर समिती’ टाकलंत तर कदाचित काहीच येणार नाही. तालिकेत तो प्रादेशिक असमतोलाविषयीच्या सत्यशोधन समितीचा अहवाल आहे, १९८४, नियोजन विभाग. ‘केळकर समिती’ म्हणजे संतुलित प्रादेशिक विकासावरची उच्चस्तरीय समिती, २०१३. ‘बर्वे आयोग’ म्हणजे १९६२ चा महाराष्ट्र राज्य सिंचन आयोग, ‘चितळे आयोग’ म्हणजे १९९९ चा महाराष्ट्र जल व सिंचन आयोग. मराठवाड्याच्या सिंचनावर लिहायचं तर हे चारही क्रमानं वाचायला हवेत, कारण पुढचा अहवाल मागच्याशी वाद घालत पुढे जातो.

अहवाल उघडल्यावर बहुतेक जण शिफारशींकडे धावतात. मी उलट क्रम सुचवतो. आधी नेमणुकीचा शासन निर्णय आणि कार्यकक्षा वाचा. समितीला काय विचारलं होतं आणि काय विचारलंच नव्हतं, हे तिथे कळतं. मग परिशिष्टं. जिल्हानिहाय तक्ते, कोणाकोणाची निवेदनं आली, प्रश्नावली कशी होती, हे सगळं मागच्या पानांत असतं. भिन्नमतपत्रिका असेल तर ती जरूर वाचा. दांडेकर समितीनं अनुशेषाची, म्हणजे मागे पडलेल्या भागांतल्या राहून गेलेल्या विकासाची, बेरीज सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढली, हा आकडा वर्तमानपत्रांत शेकडो वेळा आला. तो कोणत्या निकषांवर, राज्याच्या सरासरीशी तुलना करून, कसा काढला हे अहवालातच आहे आणि तेच तुमच्या कामाचं आहे.

दुष्काळाच्या सरकारी आकड्यांनाही हेच लागू आहे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या गावाची पैसेवारी (नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदा किती पीक आलं याचा रुपयाला इतके पैसे असा अंदाज) काढून टंचाई ठरत आली : पन्नास पैशांच्या खाली गेलं की गाव टंचाईग्रस्त. केंद्र सरकारची दुष्काळ व्यवस्थापन संहिता २०१६ मध्ये आली आणि पाऊस, पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल असे निकष पुढे आले. २०१५ ची टंचाईग्रस्त गावांची यादी आणि त्यानंतरची दुष्काळी तालुक्यांची यादी एकाच मापानं मोजलेली नाही. तुलना करू नका असं मी म्हणत नाही. तुलनेच्या आधी माप कोणतं होतं ते वाचकाला सांगा.

अलीकडच्या काळासाठी शासन निर्णय लागतील. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ते विभागवार मिळतात. प्रत्येकाला संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शीर्षकाखाली ‘वाचा’ असं लिहून आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा दिलेल्या असतात. हा भाग बहुतेक जण ओलांडून जातात, पण खरी वाट तिथूनच मागे जाते. आजचा निर्णय घ्या, ‘वाचा’मधला सर्वांत जुना संदर्भ शोधा, त्याचं ‘वाचा’ पाहा. योजना कुठे सुरू झाली आणि कुठे वळली ते असंच उलगडतं. पुढे शुद्धिपत्रक किंवा अधिक्रमित करणारा निर्णय निघाला आहे का, हेही बघायचं. जो निर्णय तुम्ही उद्धृत करता तो चार महिन्यांत बदललेला असू शकतो.

जुने निर्णय संकेतस्थळावर विरळ आहेत. तिथे माहितीचा अधिकार कामाला येतो, आणि इथेही क्रमांकच उपयोगी पडतो. निर्णयाच्या क्रमांकात ‘प्र.क्र.’ म्हणजे प्रकरण क्रमांक असतो आणि शेवटी कार्यासनाचा, म्हणजे विभागातल्या ज्या शाखेनं तो काढला तिचा, संकेत. अर्जात विभाग, प्रकरण क्रमांक, कार्यासन आणि तारीख लिहिलीत तर जनमाहिती अधिकाऱ्याला ‘माहिती मोघम आहे’ असं उत्तर देणं अवघड जातं. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. मात्र ग्रंथालयात छापील मिळणाऱ्या गोष्टीसाठी अर्ज करू नका. त्यात तुमचाच महिना जाईल.

राजपत्राबद्दल थोडक्यात. जिल्हा, तालुका यांच्या हद्दी बदलल्याच्या अधिसूचना राजपत्रात असतात, त्यामुळे परतूर नेमकं कुठून कुठे गेलं याचा पुरावा तिथला. राजपत्र भागाभागांत निघतं, साधारण आणि असाधारण असे अंक वेगळे. असाधारण अंक वेगळ्या बाडात बांधलेले असतात हे माहीत नसल्यानं अनेकांना अधिसूचना ‘गायब’ वाटते. अंकावर इसवी तारखेसोबत शक संवताची तारीखही असते. १९०२ हे वर्ष दिसलं म्हणून विसाव्या शतकाची सुरुवात समजू नका, ते शके १९०२ म्हणजे इसवी १९८०-८१ असेल.

विधिमंडळाची कार्यवाही मात्र सोडू नका. तारांकित प्रश्नांच्या उत्तरांत मंत्री तालुक्याचे आकडे देतात, आणि ते दुसऱ्या कुठल्याच प्रकाशनात येत नाहीत. १९७२-७३ च्या दुष्काळातली अधिवेशनं वाचली, तर जालन्याच्या आसपास कोणती कामं निघाली, मजुरी किती होती, पाणी कुठून आणलं याचे तुकडे हाती येतात. महालेखापरीक्षकांचे अहवालही याच रांगेत वाचा. योजनेवर खर्च झाला, विहीर झाली का, पाणी लागलं का, हे ते विचारतात.

आपल्या ग्रंथालयात एखादा खंड नसेल तर कुठे जायचं? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय शासकीय प्रकाशनांसाठी महाराष्ट्रात पहिलं बघावं असं आहे. त्यांनी जुने अहवाल मोठ्या संख्येनं स्कॅन करून खुले केले आहेत, आधी तिथे शोधा. मुंबईत टाउन हॉलमधलं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानं देशात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांच्या प्रती ज्या चार ग्रंथालयांकडे जायला हव्यात त्यांतलं ते एक. हा कायदा शासकीय प्रकाशनांनाही लागू आहे, पण केवळ कार्यालयीन वापरासाठी छापलेल्या गोष्टींना नाही. म्हणूनच अनेक महत्त्वाचे अहवाल कुठल्याच मोठ्या ग्रंथालयात मिळत नाहीत. त्यांच्या थोड्याच प्रती निघाल्या आणि त्या खात्यातच राहिल्या. असा अहवाल शोधायचा एक मार्ग म्हणजे तुमच्या विषयाजवळचे जुने प्रबंध. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, त्यांची संदर्भसूची पाहा. आधीच्या अभ्यासकाला तो कुठे मिळाला हे ऋणनिर्देशात लिहिलेलं असतं. दुसऱ्या ग्रंथालयात जाताना मार्गदर्शकांचं पत्र न्या. आपल्या ग्रंथपालाकडून तिथल्या ग्रंथपालाला आधी फोन झाला तर खंड काढून ठेवलेले मिळतात.

जुने खंड हाताळताना काळजी घ्या. त्या काळच्या कागदाचे तुकडे पडतात. झेरॉक्स मशीनवर उपडं दाबलं की कणा तुटतो, आणि तो खंड पुन्हा कुठून आणायचा नसतो. मोबाइलनं वरून फोटो घ्या. पहिला फोटो मुखपृष्ठाचा, दुसरा शीर्षकपानाचा, मग हवी ती पानं. मागच्या पुठ्ठ्याच्या खिशात घडी घातलेला नकाशा असतो, तो उघडून बघा आणि त्याच घडीवर परत ठेवा.

प्रकाशनाच्या हक्काविषयी नेहमी विचारतात. शासकीय कृतींवरचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. त्याहून जुन्या अहवालांचं पुनर्मुद्रण मोकळेपणानं करता येतं. नव्या अहवालांतून प्रबंधात उतारे आणि तक्ते घ्यायला अडचण नाही. विधिमंडळापुढे ठेवलेल्या समित्यांच्या अहवालांना आणि राजपत्रातल्या मजकुराला कायद्यानं आणखी सवलत दिलेली आहे.

संदर्भ देताना ‘शासकीय अहवाल, १९७१’ असं लिहून सोडू नका. कार्यालयाचं पूर्ण नाव, मालिकेचं नाव, खंड आणि भाग, जिल्हा, प्रकाशनाचं ठिकाण आणि साल द्या. जनगणनेचं साल आणि पुस्तिका छापल्याचं साल वेगळं असतं, दोन्ही लिहा. फसली सन मूळ तसाच ठेवून पुढे इसवी सन द्या. शासन निर्णयाला क्रमांक, तारीख आणि संकेतांक तिन्ही. आणि ज्या ग्रंथालयात दुर्मीळ खंड मिळाला त्याचं नाव व दाखल क्रमांक तळटीपेत लिहा, म्हणजे तुमच्यानंतर अंबडवर किंवा भोकरदनवर काम करणाऱ्याला तो थेट मागता येईल.